शिकारीचा ओबो

सनई आणि युरोपातील ओबो, दोन्ही दुहेरी पत्तीची वाद्ये. ओबोहून पंचमाइतके खाली बोलणारे त्याचे एक भावंड होते, ‘ओबो दा काच्चा’, म्हणजे शिकारीचा ओबो. सरळ लाकूड पोखरायचे, एका अंगाला करवतीने खाचा पाडून ते वाकवायचे, वर चामडे मढवायचे आणि टोकाला पितळी कर्णा! जर्मनीतील लाइपझिगच्या आयखेनटॉफ या कारागिराने १७२४ साली घडवलेले नग स्टॉकहोम व कोपनहेगनच्या संग्रहालयांत आहेत. बाखने हाच आवाज ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये घेतला. पुढे वाद्य मागे पडले, त्याच्या जागी इंग्लिश हॉर्न वाजू लागले. १९७०च्या दशकात त्या जुन्या नगांवरून ते पुन्हा घडवले गेले. मी दप्तरातला माणूस. जपलेल्या वस्तूचे मोल मला कळते. आपल्या मंडळाच्या सनईवाल्यांकडे मात्र शिकायला अजून कोणी येत नाही.