अटलांट्यातली अंगतपंगत

स्मरणिका समितीने मला "इतिहासावर काहीतरी लिहा" असं सांगितलं. आता सोसायटीचा इतिहास, म्हणजे कन्व्हेयन्स डीड, पाण्याची लाईन, लिफ्टचं भांडण वगैरे, अध्यक्षांनी आणि सचिवांनी लिहिलेलाच आहे. तो मी परत उगाळत नाही. मी एका जेवणाचा इतिहास सांगणार आहे. जेवण अमेरिकेतलं आहे, पण शेवटी आपल्याच इमारतीत परत येतो, काळजी नसावी.

2018 च्या जुलैमध्ये आम्ही उभयता लेकीकडे अटलांट्याला होतो. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, शनिवारी सदर्न डिनर ठेवलंय, आठ-दहा मित्रमंडळी येतील." सदर्न म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर इडली-सांबार. जावई हसायला लागले. अमेरिकेत 'साउथ' म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, कॅरोलिना, लुइझियाना हा पट्टा. गुलामगिरी टिकवण्यासाठी 1861 च्या सुमारास ही राज्यं देशातून फुटून निघाली आणि 1865 मध्ये युद्ध हरली. त्यांचा स्वयंपाक वेगळा, बोलण्याचा हेल वेगळा, आणि पाहुणचाराचा अभिमान तर विचारूच नका.

जेवण अगदी घरगुती. एकामागून एक वाढायची भानगड नाही. सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे आणि भांडी हातोहात फिरवायची. येणाऱ्याने एकेक पदार्थ आणायचा, म्हणजे आपली अंगतपंगतच. कागदी नॅपकिन आणि जॅमच्या रिकाम्या बरण्यांतून बर्फाचा चहा. तो इतका गोड की आपल्या टपरीवाल्याने कान पकडावेत.

शेजारी एक कृष्णवर्णीय काकू राहायच्या, निवृत्त शिक्षिका, माझ्याच वयाच्या. लेक त्यांना नुसत्या नावाने हाक मारत नसे, नावाआधी 'मिस' लावायची. तिकडे वडीलधाऱ्या बाईंना असंच म्हणतात, आपण ताई-माई म्हणतो तसं. त्या शुक्रवारी संध्याकाळीच आपला बिडाचा तवा घेऊन हजर झाल्या. मक्याचं पीठ, ताक आणि अंडं फेटलं. तव्यात चरबी घालून तो भट्टीत चांगला तापवला, आणि मग पीठ ओतलं तर कसं चर्र आवाज! हा कॉर्नब्रेड. त्यात साखर घालायची की नाही यावर तिकडे घराघरांत वाद आहेत. काकू साखरेच्या कट्टर विरोधातल्या. आमच्या सौ. चव घेऊन म्हणाल्या, "हा तर भाजलेला ढोकळा."

मग काकूंनी पिशवीतून काढली भेंडी! अमेरिकेत भेंडी पाहून सौ.चा जीव भांड्यात पडला. काकूंनी ती गोल चिरून मक्याच्या पिठात घोळवून तळली. सौ.ने दाण्याचं कूट घालून भरली भेंडी केली. (दाण्यांची तिथे वाण नाही. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर जॉर्जियातलेच, शेंगदाण्याचे शेतकरी.) भेंडीचा चिकटपणा कसा घालवायचा यावर दोघींचं अर्धा तास चाललं होतं, अर्ध्याहून जास्त खुणांनी.

ही भेंडी तिथे आली कशी? आफ्रिकेतून, गुलामांच्या जहाजांच्या वाटेने. 'ओक्रा' हा शब्द पश्चिम आफ्रिकेतला, आणि लुइझियानातल्या 'गंबो' या प्रसिद्ध रश्शाचं नावही आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून पडलं असं मानतात. चवळी त्याच वाटेने आली. नववर्षाच्या दिवशी दक्षिणेत चवळी-भात खातात, वर्ष भरभराटीचं जावं म्हणून. भाताची गोष्ट तर आणखी मोठी आहे. अठराव्या शतकात दक्षिण कॅरोलिनातलं चार्ल्सटन शहर भाताच्या पैशावर श्रीमंत झालं. शेती मळेवाल्यांची, पण भात पिकवणारे हात पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचे. त्यांच्यातल्या अनेकांना भातशेती पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. दलदलीत बांध घालायचे आणि दारं बसवून भरती-ओहोटीच्या हिशेबाने गोडं पाणी शेतात घ्यायचं. कोकणातली खाजणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्यातले कष्ट सांगायला नकोत.

शनिवारी सगळे जमले. कुणी भरलेली अंडी, कुणी तळलेलं चिकन, कुणी काकडी-कांद्याचं व्हिनेगरमधलं लोणचं आणलं होतं. गोडाला पीचचा कॉब्लर. कोलार्ड नावाची पालेभाजी तिकडे बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, म्हणून लेकीने आमच्यासाठी वेगळं पातेलं लावलं होतं. एकमेकांचे हात धरून प्रार्थना झाली आणि भांडी फिरू लागली. माझ्या शेजारी काकूंचे यजमान बसले होते. ते मला अगदी सहज म्हणाले, "माझ्या आईने आयुष्यभर एका गोऱ्या कुटुंबाचा स्वयंपाक केला. हेच सगळे पदार्थ. पण त्या टेबलावर ती एकदाही बसली नाही. स्वयंपाकघरात उभ्याने जेवायची." आणि त्यांनी कोलार्डचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

हे नुसत्या चालीरीतीचं नव्हतं. शेजारच्या अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहराच्या 1944 च्या नियमावलीत लिहिलेलं होतं की गोरे आणि काळे एकाच खोलीत जेवणार असतील, तर मध्ये जमिनीपासून सात फूट उंचीची भक्कम आडभिंत हवी आणि रस्त्यावरून येण्याचे दरवाजे वेगळे हवेत. सात फूट, म्हणजे आपल्या पार्किंगच्या भिंतीपेक्षा उंच! हॉटेलांतला हा भेद देशभर बेकायदा ठरला तो 1964 च्या नागरी हक्क कायद्याने.

हे ऐकून आपण नाक मुरडावं, असा आपला इतिहास नाही. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवरसुद्धा ग्रामण्य आलं. ते तर वरच्या पंगतीतले. ज्यांना पंगतीच्या जवळपासही येऊ दिलं नाही, त्यांची गोष्ट वेगळीच.

परत आल्यावर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. त्यात मला सर्वांत आवडली ती जॉर्जिया गिल्मोर. ही अलाबामातल्या मॉन्टगोमेरीची स्वयंपाकीण. 1955 च्या डिसेंबरात तिथे बसवर बहिष्कार सुरू झाला. तो 381 दिवस चालला. लोकांना कामावर नेण्यासाठी मोटारी हव्यात, मोटारींना पेट्रोल हवं, पेट्रोलला पैसा हवा. हिने बायका जमवल्या. त्या घरी चिकन, सँडविच, केक, पाय करून विकायच्या आणि गल्ला चळवळीला द्यायच्या. पैसे कुणी दिले हे कळलं तर अनेकींच्या नोकऱ्या गेल्या असत्या, म्हणून गटाचं नाव ठेवलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे कुठूनही न आलेला क्लब. पैसे कुठून आले, तर कुठूनच नाही! माझ्या काउंटरवर असं खातं उघडायला कुणी आलं असतं तर मी नक्की परत पाठवलं असतं. आज वाटतं, बरं झालं मी तिथे नव्हतो.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात तिने साक्ष दिली आणि तिची नोकरी गेलीच. मग किंग यांच्या प्रोत्साहनाने तिने घरातच खाणावळ सुरू केली. स्वतः किंग तिथे जेवायचे. गोरे आणि काळे तिच्या टेबलाभोवती दाटीवाटीने बसायचे. मध्ये कसली आलीय भिंत!

त्या शनिवारी एका पाहुण्याने आणलेल्या पदार्थाचं नाव होतं 'कंट्री कॅप्टन'. कोंबडी, टोमॅटो, बेदाणे, बदाम आणि करी पावडर, भातावर वाढलेलं. "हा तुमच्याकडचाच," तो मला म्हणाला. हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या जहाजांबरोबर तो तिथल्या बंदरांत उतरला असं मानतात. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा तो आवडता पदार्थ. अटलांट्यापासून दीडेक तासावर वॉर्म स्प्रिंग्ज आहे. पोलिओने अधू झालेल्या पायांसाठी ते तिथल्या कोमट झऱ्यांवर जायचे आणि 1932 मध्ये तिथे छोटंसं घरही बांधलं. पुढच्या आठवड्यात जावयांनी आम्हाला तिथे नेलं.

त्या घराच्या स्वयंपाकघरात मी बराच वेळ उभा राहिलो. 12 एप्रिल 1945 ला रूझवेल्ट खुर्चीत बसल्या बसल्या कोसळले, तेव्हा डेझी बॉनर नावाची त्यांची कृष्णवर्णीय स्वयंपाकीण आत दुपारच्या जेवणाच्या तयारीत होती. ते जेवण कुणी जेवलं नाही. नंतर तिने पेन्सिलीने भिंतीवर लिहून ठेवलं की या घरातलं राष्ट्राध्यक्षांचं पहिलं आणि शेवटचं जेवण तिने रांधलं, आणि खाली स्वतःचं नाव घातलं. ती ओळ आता जपून ठेवली आहे.

आता आपल्या इमारतीत येतो. या स्मरणिकेसाठी जुन्या फायली चाळताना, मी खजिनदार होतो त्या पहिल्या वर्षाची व्हाउचरं सापडली. गच्चीवरच्या कोजागरीचं जेवण काहींना आठवत असेल. एकाही बिऱ्हाडाची अजून धड ओळख नव्हती, आणि त्या रात्री सगळे प्रथम एकत्र बसलो. मांडववाल्याचं नाव आहे, दूधवाल्याचं आहे, आभाराच्या भाषणात सात जणांची नावं इतिवृत्तात आहेत. आणि एक व्हाउचर आहे : "पोळ्या करणे, बाई, रु. 350". खाली जांभळ्या शाईचा अंगठा, शेजारी माझी सही. नाव लिहायची जागा कोरी. बँकेत तीस वर्षं मी असं व्हाउचर एकदाही पास केलं नसतं.

जुन्या सभासदांकडे चौकशी केली. मागच्या चाळीतून यायच्या एवढं दोघांना आठवतं. सौ.ला त्यांची हिरवी काठाची साडी आठवते. आपण सगळे त्या रात्री दुसऱ्यांदा पोळी मागत होतो आणि त्या टाकीमागे स्टोव्हजवळ बसल्या होत्या. त्या जेवल्या का, हे मी विचारलं नव्हतं.

कुणाला नाव आठवलं तर 'सी' विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर येऊन सांगा. व्हाउचर मी फाइलमधून काढून ठेवलं आहे.