हमालांची मजुरी : यहुदी परंपरेतील कायदा आणि नीती

यहुदी धर्म म्हणजे केवळ बाह्य आचारनियमांची संहिता असून अंतःकरणाच्या नीतीशी तिला कर्तव्य नाही, असे प्रतिपादन इमॅन्युएल कांट याने १७९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धर्मविषयक ग्रंथात केले. या मताची तपासणी प्रस्तुत लेखात तालमूदमधील एका लहानशा तंट्याच्या आधारे केली आहे.

बाबिलोनियन तालमूदच्या 'बावा मेत्सिया' या प्रकरणात तो येतो. एका विद्वानाचा मद्याचा रांजण हमालांच्या हातून फुटला. त्याने त्यांची वस्त्रे अडकवून ठेवली. हमाल राव यांच्याकडे गेले. (हे राव म्हणजे तिसऱ्या शतकात सुरा येथे विद्यापीठ स्थापन करणारे आचार्य.) त्यांनी वस्त्रे परत करावयास सांगितले. हाच कायदा काय, असे विद्वानाने विचारताच रावांनी होकार दिला व सज्जनांच्या मार्गाने चालण्यास सांगणाऱ्या बायबलमधील वचनाचा आधार दिला. मग हमालांनी आपले दारिद्र्य सांगितले. दिवसभर राबूनही ते उपाशीच होते. रावांनी मजुरीही देवविली. तोच प्रश्न पुन्हा आला, उत्तरही तेच मिळाले.

येथे रावांनी दयेची भाषा वापरलेली नाही, हे लक्षणीय आहे. भाष्यकार राशी (१०४०-११०५) याने मात्र हा निर्णय कायद्याच्या रेषेअलीकडे थांबण्याच्या, म्हणजे आपला हक्क पुरता वसूल न करण्याच्या तत्त्वात बसविला. हे तत्त्व गौण मानलेले नाही. याच प्रकरणात रब्बी योहानान यांनी जेरुसलेमच्या विनाशाचे कारण सांगितले आहे, ते लोक कायद्याला काटेकोरपणे चिकटून राहिले हेच. तेराव्या शतकात नाहमानिदीसने त्याला तात्त्विक बैठक दिली : शेजारधर्माचे सर्व प्रसंग तोरा नोंदवू शकत नाही, म्हणून तिने सचोटीची सर्वसाधारण आज्ञा दिली.

कांटचा आक्षेप एवढ्याने ढासळतो, असे आम्हांस वाटते. परंतु खरी अडचण पुढेच आहे. मालक ऐकत नसेल तर न्यायालयाने सक्ती करावी काय? जर्मनीतील मोर्देखाय बेन हिल्लेल (मृत्यू १२९८) याने सक्तीच्या बाजूचे मत नोंदविले. त्याचा समकालीन आशेर बेन येहिएल याने ते नाकारले. दुसरे मत स्वीकारले तर हमालाची भाकरी पुन्हा मालकाच्या सदसद्विवेकावर अवलंबून राहते. सोळाव्या शतकात क्राकोच्या मोझेस इसर्लेसने आपल्या टिपणीत सक्ती करता येत नाही असे आधी लिहिले आणि काहींना हे मान्य नाही, अशी लगेच पुस्ती जोडली.