मुद्दलाला हात न लावता

नाशिकजवळची पांडवलेणी तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली असतील. नाव पांडवांचं असलं तरी ही लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी लिपीत एका ठेवीचा हिशोब कोरलेला आहे. बौद्ध धम्म आपल्या भागात कसा टिकला, हे त्या हिशोबातून चांगलं समजतं.

आधी धम्माविषयी थोडं. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लुंबिनीत सिद्धार्थ गौतमांचा जन्म झाला. बोधगयेला त्यांना ज्ञान झालं आणि सारनाथला त्यांनी पहिला उपदेश केला. त्यांचं सांगणं असं: जगण्यात दुःख आहे. त्याचं कारण तृष्णा, म्हणजे न संपणारी हाव. ते कारण गेलं की दुःख संपतं, आणि त्यासाठी आठ अंगांचा मार्ग आहे. त्यात नीट विचार, नीट बोलणं, नीट वागणं, प्रामाणिक कमाई, मन जागं ठेवणं हे सगळं येतं. घरसंसार करणाऱ्यांसाठी पंचशील: हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहायचं.

घर सोडलेल्यांचा संघ झाला. बुद्धांना वाढवणारी मावशी महाप्रजापती गौतमी हिने बायकांनाही संघात घ्या अशी विनंती केली. आधी नकार मिळाला. ग्रंथ सांगतात, ती केस कापून पायी वैशालीला गेली. बाईला निर्वाण मिळू शकतं का, असं आनंदाने बुद्धांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं आणि भिक्खुणी संघ सुरू झाला. भिक्खुणींवर आठ जादा नियम घातले गेले, असंही तेच ग्रंथ सांगतात.

पुढे सम्राट अशोकाने धम्म दूरवर पोचवला. आपल्या नालासोपाऱ्यातही त्याच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आहेत. व्यापाऱ्यांच्या वाटांवर, सह्याद्रीच्या घाटांजवळ लेणी कोरली गेली. भिक्खू शेती करत नसत, पैसे कमवत नसत. भिक्षेवर जगायचे आणि गावोगाव फिरायचे. पावसाळ्यात मात्र एका जागी थांबायचे. तोच वर्षावास. मग त्यांच्या कपड्यालत्त्याचं कोण बघणार?

आता तो हिशोब ऐका. सुमारे १९०० वर्षांपूर्वी, नहपान राजाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. अट अशी, की मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० चं वर्षाचं व्याज होतं २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२. करून बघा, हिशोब बरोबर जुळतो! आपण ठराव वाचून इतिवृत्तात लिहितो ना, तसंच हे दानही सभेत जाहीर करून नोंदवलेलं होतं.

याच लेण्यात उषवदाताची बायको दक्षमित्रा हिने दान दिलेल्या खोलीचा लेख आहे, तिच्या स्वतःच्या नावाने. मोठं तीन नंबरचं लेणं दान दिलं गौतमी बलश्रीने, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती विष्णुदत्ता. ही राणी नव्हती. शक समाजातली उपासिका, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली. लेखात तिची ओळख अमक्याची मुलगी, अमक्याची बायको, अमक्याची आई अशीच दिली आहे. आपल्या कागदपत्रांवरही अजून तेच असतं. पण ठेव तिची आहे. पाण्याची यंत्रं करणारे, तेली अशा श्रेणींकडे तिने कायमची ठेव ठेवली. कशासाठी? विहारातल्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. भिक्खू कुठल्याही पंथाचा असो, कुठूनही आलेला असो, औषध मिळालंच पाहिजे. बुद्धांनी सांगितलेली करुणा तिने अशी व्याजाच्या हिशोबात बसवली.

पुढे ही लेणी ओस पडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. आज आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक गावांच्या विहारांत बाया वर्षावासात ग्रंथवाचनाला बसतात.

मैत्रिणींनो, आपल्या गटातली कितीतरी कर्जं दवाखान्यासाठीच उचलली जातात. आजारपणासाठी वेगळी ठेव, जिच्या मुद्दलाला हात लावायचा नाही, अशी आपल्या गटात आहे का? नसेल तर पुढच्या मासिक बैठकीत विष्णुदत्तेची गोष्ट सांगा आणि हा विषय घ्या.