मध्यरात्रीचे लग्नगीत

लग्नाचे गाणे सुचायला कवीच्या कानी सनई-चौघडा पडावा लागतो, अशी आपली समजूत असते. ख्रिस्ती उपासनासंगीतातले एक थोर लग्नगीत मात्र दफनभूमीच्या शेजारी जन्मले. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

जर्मनीत वेस्टफालिया प्रांतात उन्ना नावाचे गाव आहे. तेथे १५९७ साली प्लेग आला आणि हजाराहून अधिक माणसे घेऊन गेला. गावचा पाद्री होता फिलिप निकोलाय. त्याच्या राहत्या घरातून दफनभूमी दिसे. त्या दिवसांत त्याने केलेले चिंतन १५९९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ग्रंथाला नाव दिले, 'चिरंतन जीवनाच्या आनंदाचा आरसा'! त्यातलेच हे गीत, 'वाखेट आउफ', म्हणजे 'जागे व्हा'.

गीताला आधार मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील दहा कुमारींच्या दृष्टान्ताचा. वराला उशीर होतो, मध्यरात्री हाक येते. पाच शहाण्या कुमारींपाशी तेल असते. पाच मूर्ख कुमारी तेल आणायला धावतात आणि परत येतात तो दार बंद! निकोलायच्या तीन कडव्यांत मात्र मूर्ख कुमारी नाहीत आणि बंद दारही नाही. इतकी माणसे मातीआड केलेल्या पाद्र्याच्या हातून ते दार लावले गेले नसावे, असे मला वाटते. तिन्ही कडव्यांची आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली, की 'वाल्डेकचा काउंट' या जर्मन शब्दांची आद्याक्षरे मिळतात. हा निकोलायचा कोवळा शिष्य १५९८ साली वारला. वराच्या स्वागतगीतात गुरूने त्याची आठवण अशी गुंफून ठेवली.

पुढे २५ नोव्हेंबर १७३१ रोजी लाइपझिग येथे योहान सेबास्टियन बाखने या गीतावर रचलेला कॅन्टाटा सादर केला. हा दृष्टान्त ज्या रविवारी वाचायचा, तो रविवार ईस्टर फार लवकर आला तरच पंचांगात येतो. बाखच्या लाइपझिगमधील २७ वर्षांत तो दोनदाच आला. बाखच्या रचनेत दोन युगुलगीते आहेत. आत्मा ही वधू, ती सोप्रानोत गाते; ख्रिस्त हा वर, त्याचा स्वर खर्जातला. पहिल्या युगुलगीतात वधू वराला तारणाच्या नावानेच हाक मारते आणि तू कधी येणार म्हणून विचारते. ज्ञानदेवांची विरहिणी आपल्या ओळखीची आहे. तिथे आपण तिचा एकटीचा स्वर ऐकतो. येथे वर उत्तर देतो, तरी तिचे विचारणे थांबत नाही. दुसऱ्या युगुलगीतात दोन्ही स्वर एकमेकांत मिसळतात आणि शंका सरते.

उद्धार म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे न्यायासन उभे राहते, पापपुण्याचा हिशेब उभा राहतो. परंतु न्यायाधीश फार तर क्षमा करून सोडून देईल. वर हात धरून घरी नेतो. ज्या गावात घरेच्या घरे ओस पडली होती, तिथल्या पाद्र्याला उद्धारासाठी लग्नाचीच उपमा सुचावी, यात मला नवल वाटत नाही.