न घडलेल्याचा इतिहास : अमेरिकन फुटबॉलमधील बचाव

खेळांचा इतिहास प्रायः गुण मिळवणाऱ्यांचा इतिहास असतो. कोणी किती धावा काढल्या, कोणी किती गोल केले, याच्या नोंदी राहतात आणि आख्यायिकाही त्यांच्याच होतात. बचाव करणाऱ्याचे यश मात्र काहीतरी न घडण्यात असते. आणि जे घडलेच नाही त्याची नोंद कशी करायची, हा इतिहासलेखनातला जुनाच पेच आहे. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या बचावाचा इतिहास पाहताना हा पेच आम्हांला पुनःपुन्हा भेटला. १९२० मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल फुटबॉल लीगने, क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच जमिनीवर आणण्याच्या कामगिरीची, म्हणजे ‘सॅक’ची, प्रत्येक खेळाडूच्या नावे अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात केली ती १९८२ मध्ये. हा शब्द ज्याने रूढ केला तो डीकन जोन्स १९७४ मध्येच निवृत्त झाला होता. अधिकृत दप्तरात त्याच्या नावावर एकही सॅक नाही.

म्हणून हा इतिहास केवळ गुणफलकावर शोधून भागत नाही. तो आम्हांला आणखी दोन ठिकाणी सापडतो : नियमांच्या पुस्तकात आणि खेळाडूंच्या शरीरात.

खेळाची मूळ चौकट सोपी आहे. दोन्ही बाजूंना अकरा अकरा खेळाडू. आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. तेवढे अंतर कापले की पुन्हा नव्या चार संधी. चेंडू हातात घेऊन धावायचे की हवेतून पुढे फेकायचा, हे आक्रमक संघ आधी ठरवतो. बचाव करणाऱ्यांना ते ठाऊक नसते. समोरच्यांची उभे राहण्याची ठेवण, पहिले पाऊल, खांद्यांचा कल यांवरून त्यांना काही क्षणांत हेतू ओळखावा लागतो. संहितेचे वाचन शिकवणाऱ्या आम्हांसारख्यांना या खेळाचे आकर्षण वाटले ते याच कारणाने. बचाव हे येथे आधी वाचन आहे, आणि नंतर झुंज.

१९४८ आणि १९४९ या दोन्ही वर्षी फिलाडेल्फिया ईगल्स विजेते ठरले आणि दोन्ही अंतिम सामन्यांत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळू दिला नाही. त्यांचे प्रशिक्षक ग्रीझी नील पाच जणांची पुढची फळी वापरत. १६ सप्टेंबर १९५० रोजी, दुसऱ्या एका बंद पडलेल्या लीगमधून नव्याने आलेल्या क्लीव्हलँड ब्राउन्सने याच ईगल्सना ३५–१० असे हरवले. धावणाऱ्यांना अडवण्यासाठी रचलेली भिंत पॉल ब्राउन यांच्या शिस्तबद्ध पासांपुढे निरुपयोगी ठरली. अवघ्या दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क जायंट्सच्या स्टीव्ह ओवेन यांनी उत्तर शोधले. वरवर पाहता त्यांचे सहा जण पुढच्या फळीत उभे असत. पण दोन टोकांचे खेळाडू ऐनवेळी मागे सरकत आणि पाठीमागचे चौघे उघडलेल्या छत्रीसारखे पसरत. ब्राउन्स ६–० असे हरले. त्या संघाला एकही गुण न मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. बचावाची रचना समोर दिसते तीच नसते, तिचा खरा आकार खेळ सुरू झाल्यावर उलगडतो, ही कल्पना येथे ठसठशीतपणे पुढे आली.

त्या दिवशी जायंट्सच्या मागच्या फळीत टॉम लँड्री नावाचा तरुण खेळत होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने बॉम्बफेकी विमान चालवले होते. पुढे त्याने औद्योगिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. जायंट्सच्या बचावाची सूत्रे हाती आल्यावर त्याने चार जण पुढे आणि तीन लाइनबॅकर त्यांच्या मागे, अशी रचना घडवली. तिच्या मध्यभागी १९५६ मध्ये सॅम हफ आला. प्रत्येकाने चेंडूमागे धाव घेण्याआधी आपल्या वाट्याची फट राखायची, आणि समोरच्या ठरावीक खेळाडूच्या हालचालीवरून डाव ओळखायचा, हे लँड्रीचे तत्त्व. वैयक्तिक पराक्रमाच्या जागी परस्परावलंबी व्यवस्था आली. त्या वर्षीचा अंतिम सामना जायंट्सनी ४७–७ असा जिंकला.

व्यवस्था परिपूर्णतेच्या जवळ गेली की काय होते, हे पिट्सबर्गने दाखवून दिले. १९७६ च्या हंगामात पहिल्या पाचपैकी चार सामने गमावल्यावर स्टीलर्सनी उरलेले नऊही जिंकले. त्या नऊ सामन्यांत त्यांनी मिळून फक्त २८ गुण दिले आणि पाच सामन्यांत एकही दिला नाही. मेल ब्लाउंट हा त्यांचा धिप्पाड बचावपटू रिसीव्हरला, म्हणजे पास झेलायला निघालेल्या खेळाडूला, वाटेतच धक्के देऊन त्याची चाल मोडून टाकत असे. १९७८ मध्ये लीगने नियम केला : चेंडू जेथून खेळात येतो त्या रेषेच्या पुढे पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला असा धक्का द्यायचा नाही. लोक आजही त्याला ‘मेल ब्लाउंट नियम’ म्हणतात. बचावपटूच्या कर्तृत्वाची याहून मोठी नोंद कोणती? त्याच वर्षी क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्यांना हात लांबवून समोरच्याला थोपवण्याची मुभा मिळाली. पास वाढावेत, गुण वाढावेत, हा यामागचा उघड हेतू होता.

पण त्याच वर्षाची आणखी एक तारीख आहे. १२ ऑगस्ट १९७८ रोजी ओकलंडमधील एका सराव सामन्यात जॅक टेटम या बचावपटूची धडक बसून न्यू इंग्लंडचा डॅरिल स्टिंग्ली जन्मभरासाठी पंगू झाला. त्या धडकेबद्दल पंचांनी दंड दिला नाही, कारण ती नियमांत बसत होती. १९७८ च्या सुधारणांनी पासाचा मार्ग मोकळा केला. त्या मार्गाच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या मानेचा विचार त्यांत नव्हता. तो पुढच्या दशकांत टप्प्याटप्प्याने आला.

नव्या नियमांमुळे बचाव संपला नाही. रिसीव्हरला अडवता येत नसेल, तर पास फेकणाऱ्याला वेळच द्यायचा नाही, असे शिकागो बेअर्सच्या बडी रायन यांनी ठरवले. त्यांच्या व्यूहाचे नाव ‘४६’. डग प्लँक या जुन्या खेळाडूच्या जर्सीचा तो क्रमांक. १९८५ मध्ये तो संघात नव्हता, नाव मात्र राहिले. आठ जण रेषेजवळ आणायचे आणि अडवायला जितके हात आहेत त्यांहून अधिक माणसे क्वार्टरबॅकवर सोडायची, असा तो हिशेब. त्या हंगामात मायामीने त्यांना एकदा ३८–२४ असे हरवले खरे. परंतु बाद फेरीतील दोन सामने त्यांनी २१–० आणि २४–० असे जिंकले, आणि जानेवारी १९८६ मध्ये न्यू इंग्लंडवर ४६–१० अशी मात करून सुपर बोलही.

त्या संघाच्या मागच्या फळीत डेव्ह ड्युअरसन होता. निवृत्तीनंतर माजी खेळाडूंचे अपंगत्व-भरपाईचे दावे तपासणाऱ्या मंडळावर तो खेळाडू संघटनेच्या वतीने बसत असे. म्हणजे या खेळाने केलेल्या इजांचे कागद त्याच्या हाताखालून जात होते. दरम्यान २००५ मध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी, २००२ मध्ये मरण पावलेल्या माइक वेब्स्टर या पिट्सबर्गच्या खेळाडूच्या मेंदूतील विकाराविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. डोक्यावर वर्षानुवर्षे बसलेल्या आघातांशी जोडला गेलेला हा विकार हयातीत खात्रीने ओळखता येत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, ड्युअरसनने आत्महत्या केली. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असे त्याने मागे कळवून ठेवले होते. बॉस्टनच्या संशोधकांना त्यात तोच विकार आढळला. दुसऱ्यांचे दावे वाचणाऱ्या माणसाने अखेर स्वतःचे शरीरच पुरावा म्हणून सादर केले.

बचावाची दुसरी परंपरा बळापेक्षा हुलकावणीवर भर देते. ऐंशीच्या दशकात सिनसिनाटी येथे डिक लबो यांनी ती पुढे नेली : चाल करून येणार असे वाटणारा धिप्पाड खेळाडू मागे सरकतो, आणि मागे थांबेल असे वाटणारा लाइनबॅकर पुढे घुसतो. ओवेन यांच्या छत्रीचीच ही पुढची पिढी. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी याच विचाराचे एक शांत रूप दिसले. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्यांची भिंत कोसळली होती त्याच ईगल्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ४०–२२ असे हरवले. बचावाचे प्रशिक्षक व्हिक फँजिओ यांनी संपूर्ण सामन्यात एकदाही जादा माणूस क्वार्टरबॅकवर सोडला नाही. चौघे पुढे, सात जण मागे. पॅट्रिक महोम्सला ते सहा वेळा जमिनीवर आणू शकले.

तथापि याला आम्ही प्रगतीची कथा म्हणणार नाही. त्या चौघांचे समोरच्यांशी होणारे आघात प्रत्येक डावात होतच राहतात, आणि त्यांचा हिशेब कदाचित तीस वर्षांनी लागेल. या बचावातील बुद्धी खरी आहे. तिचे कौतुक करताना आम्हांला संकोच वाटत नाही. परंतु १९८५ च्या त्या संघाचे चित्रण पाहताना आता आमची नजर चेंडूवर राहत नाही. ती मागच्या फळीकडे, ड्युअरसनच्या बावीस क्रमांकाकडे वळते. आणि तो धडकेसाठी डोके खाली करतो, त्या क्षणी आम्ही चित्रण थांबवतो.