दिनविशेष : २४ नोव्हेंबर

१९६१ : फ्रीमेसन बंधुसंघाच्या ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ची दिल्लीत स्थापना, रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर. त्याआधी भारतीयांना मात्र या बंधुसंघाचे दार उघडायला बराच झगडा करावा लागला होता. मुंबईच्या माणेकजी करसेटजींना इथे प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी मुंबईत भारतीयांसाठी ‘रायझिंग स्टार’ लॉज (शाखा) काढले. दानधर्म हा लॉजच्या कामाचा भाग; बैठकीत दानाची पेटी फिरते. आजारी सभासद आणि दिवंगतांच्या कुटुंबांची विचारपूस हे एका पदाधिकाऱ्याचे नेमून दिलेले काम असते. कोइमतूरमधील मुलांचे मेसॉनिक रुग्णालय अशाच देणग्यांचे भरीव फळ आहे. मुंबईतील फ्रीमेसन्स हॉल फोर्टमध्ये सुखाडवाला मार्गावर आहे.