सायलेन्सरचा उलटा प्रवास

सायलेन्सर म्हणजे आवाज शांत करणारा. आज मात्र मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी अॅक्सेसरीजच्या दुकानात सायलेन्सर मागितला, तर दुकानदार आधी विचारतो, ‘आवाज कसा पाहिजे?’ आवाज दाबण्यासाठी जन्मलेली वस्तू आवाज वाढवण्यासाठी विकली जाते. हे कसं झालं, हा प्रश्न केवळ गाडीवेड्यांचा नाही. त्यात गॅरेजवर पोट असलेल्या कारागिरांची गोष्ट आहे आणि आपल्या भागात या कारागिरांमध्ये मुसलमानांची संख्या मोठी आहे. म्हणून हा विषय मला लिहावासा वाटला.

अमेरिकेतल्या हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बंदुकीचा सायलेन्सर बनवला, त्याचं पेटंट १९०९चं. त्यांच्या वडिलांनी मशीनगन बनवली होती. बापाने आवाज जगभर पोचवला, मुलाने तो दाबण्याची युक्ती शोधली. इंजिनाचा सायलेन्सरही त्याच तत्त्वावर चालतो. तापलेला वायू एकदम बाहेर पडला तर स्फोटासारखा आवाज होतो. त्याला कप्पे, जाळ्या आणि वळणं यांतून फिरवलं की दाब उतरतो आणि आवाज बसतो.

गरजेची जोडकामं

भारतात १९५५मध्ये मद्रासला एन्फिल्ड बुलेटची जुळणी सुरू झाली. पुढे म्हैसूरहून जावा आली, एस्कॉर्ट्सची राजदूत आली. जालना हा तेव्हा औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. १ मे १९८१ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. कापूस, मोसंबी आणि बियाण्यांचा हा मुलूख. इथे मोटारसायकल शौकाआधी कामाला लागली. कारखान्यातून आलेली गाडी इथल्या कामाला पुरी पडत नसे. मग वेल्डिंगवाल्याकडून दुधाच्या कॅनसाठी हुक, मागे मजबूत कॅरिअर, पुढे लेगगार्ड बसवला जाई. काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये अडकून चाक जाम होई, म्हणून मडगार्ड वर उचललं जाई. मागे बसणाऱ्या बायकांचा पदर चाकात जाऊ नये म्हणून सारी गार्ड आलं. मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण आज केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १२३मध्ये, सक्तीचं आहे. म्हणजे गाडीत केलेला प्रत्येक बदल उनाडपणा नसतो, हे आधी मान्य केलं पाहिजे.

सायलेन्सरचं कामही तेव्हा दुरुस्तीचंच होतं. राजदूत, जावा, पुढे १९८५ची यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्या. पेट्रोलसोबत ऑइल जळायचं आणि नळीत काजळी साचायची. गाडी ओढेनाशी झाली की मिस्त्री आतली जाळी काढून, कॉस्टिक सोड्यात बुडवून किंवा जाळून कार्बन काढायचा आणि जाळी परत बसवायचा. ‘परत बसवायचा’ हे महत्त्वाचं. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर इंजिनाचाच भाग असतो. जळालेला वायू बाहेर जाताना ताजं मिश्रणही निसटू पाहतं. नळीचा आकार नेमका असेल तर दाबाची लाट उलटी फिरून ते मिश्रण आत ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी हे शास्त्र पक्कं केलं. त्यांचा रेसर अर्न्स्ट डेगनर १९६१मध्ये पळून गेला आणि ती विद्या सुझुकीला मिळाली. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं विश्वविजेतेपद जिंकलं. एका नळीच्या आकारावर इतकं अवलंबून होतं. आमच्या उस्तादांनी काडेनचं नाव ऐकलं नसेल, पण नळीला उगाच हात लावायचा नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

शांत इंजिन, रिकामं गॅरेज

१९८५मध्येच हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, शांत, कमी पेट्रोल पिणारी. त्याच वर्षी जालन्यापासून जवळ, वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. हळूहळू टू-स्ट्रोक गेली. बुलेटचंही इंजिन २००९च्या सुमारास बदललं आणि तिचा जुना ठोका मऊ झाला. तो परत मिळवण्यासाठी ‘पंजाबी’, ‘इंदोरी’ अशा नावांनी सायलेन्सर बाजारात आले. २०२०मध्ये बीएस-६ आलं. कार्ब्युरेटर गेला, सेन्सर आला. बिघाड शोधायला कानाऐवजी स्कॅनर लागू लागला आणि तो बहुतेक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात. माझ्या मते खरी मेख इथे आहे. इंजिन हातातून गेल्यावर रस्त्याकडेच्या गॅरेजकडे उरलं ते पंक्चर, ऑइल, दिवे आणि सायलेन्सर.

‘फटाका’ कसा फुटतो? चालत्या गाडीचं इग्निशन क्षणभर तोडलं की न जळालेलं पेट्रोल गरम नळीत जातं आणि तिथे पेटतं. ताकद वाढत नाही. पेट्रोल वाया जातं आणि नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. नव्या गाडीला कारखान्यातच आवाजाची मर्यादा आहे: ८० ते १७५ सीसीला ७७ डेसिबल, त्यावर ८०. डेसिबल दहाने वाढला की ध्वनीची तीव्रता दहापट होते. हा आवाज रात्री दवाखान्यापुढून जातो, तेव्हा आतल्या रुग्णाचं काय होत असेल, याचा हिशेब कुठलंच दुकान देत नाही.

कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही; सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ध्वनी-प्रदूषणासाठी दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद वेगळी. राज्यातल्या अनेक शहरांत पोलीस जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात आणि त्याचे फोटो छापून येतात. पण रोलरखाली येते ती नळी. ती बनवणारा आणि ठोक विकणारा फोटोत नसतो. गिऱ्हाईक गेलं, बदनामी झाली, तर ती नळी बसवणाऱ्या मिस्त्रीची.

मिरवणूक ईद-ए-मिलादची असो की कुठल्या जयंतीची, फटाके फोडणारी पोरं सगळीकडे एकाच वयाची असतात. आपल्या पोरांना मात्र एवढं सांगितलं पाहिजे की मुलाला आवाज खाली ठेवायला सांगणाऱ्या लुकमानची आठवण फक्त तकरीरपुरती नसते. गॅरेजवाल्या शागिर्दांसाठी मागणी याहून ठोस हवी. आयटीआयमध्ये बीएस-६ आणि इलेक्ट्रिक दुचाकींचे छोटे अभ्यासक्रम संध्याकाळी चालावेत, दहावी न झालेल्यालाही प्रवेश मिळावा आणि स्कॅनर घ्यायला कर्ज मिळावं. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा हुनर आमच्याकडे पिढ्यांचा आहे. त्याला नवं काम मिळालं नाही, तर तो आवाजच विकत राहील.